घरी शिकणाऱ्या मुलाला सरकारी आयटीआयमध्ये घेतात का? नागपूरच्या पालकांसाठी वाट दाखवणारा लेख

नागपुरात घरीच शिकणारी मुलं आता तशी दुर्मीळ राहिली नाहीत. खाजगी इंग्रजी शाळांतली तर घरोघरी आहेत. यातलं एखादं पोर तेरा-चौदाव्या वर्षी म्हणतं, मला मोटर वाइंडिंग शिकायचंय, शिवणकाम शिकायचंय, गाडीचं इंजिन खोलायचंय. मग आई-बाप चौकशीला निघतात आणि पहिल्याच टेबलावर प्रश्न येतो, 'शाळा कोणती?' घरी शिकणाऱ्याकडे याला उत्तर नसतं. खाजगी शाळेतल्याकडे असतं, पण ते ऐकून समोरचा म्हणतो, 'मग तिथंच विचारा ना भाऊ.'

थोडक्यात सांगायचं तर आयटीआय मुलाची शाळा विचारत नाही, वय आणि दहावीची गुणपत्रिका विचारते. शाळेच्या आत चालणारे व्यवसायाचे तास मात्र ज्याचं नाव त्या शाळेच्या पटावर आहे त्यालाच मिळतात. हे दोन प्रकार वेगळे ठेवले की निम्मा गोंधळ सुटतो.

आधी एक गैरसमज बाजूला ठेवा

घरी शिकवणारे पालक परदेशी साहित्य बरंच वाचतात. अमेरिकेत आयडाहोसारख्या राज्यात घरी किंवा खाजगी शाळेत शिकणाऱ्या मुलाला सरकारी शाळेत नाव घालून हवे तेवढेच विषय शिकण्याची मुभा कायद्याने दिली आहे. दोन तास वेल्डिंगच्या वर्गात बसायचं आणि घरी जायचं. हे वाचून पालक इथे जिल्हा परिषदेच्या किंवा मनपाच्या शाळेत जाऊन तशीच मागणी करतात आणि मुख्याध्यापक चक्रावतात.

आपल्याकडे असा हक्क कुठे लिहिलेला नाही. २००९चा शिक्षण हक्क कायदा ६ ते १४ वयाच्या मुलाला शाळेचा हक्क देतो. घरच्या शिक्षणाला त्यात परवाना नाही आणि नोंदणीची पद्धतही नाही. त्यामुळे 'अर्धवेळ विद्यार्थी' हा रकानाच शाळेच्या रजिस्टरात नसतो. मुख्याध्यापकांशी वाद घालून उपयोग नाही, त्यांच्या हातात काही नाही.

पहिली पायरी: कागद, आणि तेही आजच

मूल दहा वर्षांचं असो की पंधराचं, याला पर्याय नाही. महानगरपालिकेचा जन्म दाखला, आधार आणि पुढे येणारी दहावीची गुणपत्रिका या तिन्हींवर नाव आणि जन्मतारीख अक्षर न अक्षर सारखी हवी. राज्य मंडळाच्या गुणपत्रिकेत आडनाव आधी येतं, सीबीएसईच्या शाळांत बहुधा मुलाचं नाव आधी. हा फरक चालतो. 'वैष्णवी' एकीकडे आणि 'वैश्नवी' दुसरीकडे, हे मात्र ऐन अर्जाच्या आठवड्यात डोकेदुखी होतं. आधार दुरुस्तीला वेळ लागतो, ती दिवाळीच्या सुट्टीत उरकून घ्या.

घरी शिकलेल्या मुलाकडे शाळा सोडल्याचा दाखला नसतो. आपल्या कचेऱ्यांत हा एक कागद जन्मतारीख, जात, जन्मगाव सगळ्याचा पुरावा म्हणून चालतो, म्हणून तो नसला की प्रत्येक गोष्ट वेगळी सिद्ध करावी लागते. जातीचा दाखला काढायचा असेल तर वडिलांचा, आजोबांचा शाळेचा दाखला शोधून ठेवा. मूल दोन-चार वर्षं शाळेत जाऊन मग घरी बसलं असेल तर त्या शाळेतून दाखला आणा. ती शाळा फीची थकबाकी काढेल, तुम्ही चिडाल, तरी आणा.

अधिवास प्रमाणपत्र म्हणजे डोमिसाइल, उत्पन्नाचा दाखला, लागू असेल तर नॉन-क्रिमिलेयर. हे सेतू केंद्रातून किंवा 'आपले सरकार' पोर्टलवरून निघतात. जूनमध्ये अख्खं शहर याच कागदांच्या मागे असतं. फेब्रुवारी-मार्चमध्ये अर्ज टाकला तर उन्हातली रांग वाचते.

दुसरी पायरी: मूल चौदाच्या आत असेल तर

या वयात सरकारी व्यवसाय अभ्यासक्रमाचं प्रमाणपत्र मिळण्याची सोय शोधू नका. ती नाही, आणि असू नये असंच माझं मत आहे. २०१६च्या दुरुस्तीनंतर बालकामगार कायद्याने चौदाखालच्या मुलाला कामाला ठेवायला जवळपास पूर्ण मनाई आहे आणि चौदा ते अठरापर्यंत धोकादायक कामं वर्ज्य आहेत. 'दुकानात बसून शिकेल' म्हणत ओळखीच्या गॅरेजवाल्याकडे पाठवण्याआधी हे लक्षात असू द्या.

मात्र शिकायला अडचण नाही. २०२०च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात सहावी ते आठवीच्या मुलांना दहा दिवस दप्तराविना स्थानिक कारागिरांबरोबर घालवायला सांगितलं आहे. शाळा तो कार्यक्रम आपल्या मुलांसाठी घेते, तुमच्या मुलाला त्यात घेणार नाही. पण तोच आराखडा घरी वापरा. एनसीईआरटीची सहावीपासूनची व्यवसाय शिक्षणाची पाठ्यपुस्तकं संकेतस्थळावर फुकट मिळतात. गांधीसागरसमोरच्या रामन विज्ञान केंद्रात जायला शाळेचं पत्र लागत नाही. मुलाला कुंभार, सुतार, नर्सरीवाला, छापखाना दाखवा. वही ठेवायला लावा.

एक वाट मात्र याच वयात उघडी असते आणि पालक ती चुकवतात. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम ४ प्रमाणे कधीच शाळेत न गेलेल्या किंवा मध्येच शाळा सुटलेल्या मुलाला त्याच्या वयाला साजेशा वर्गात थेट प्रवेश मिळतो. वयाचा पुरावा नाही म्हणून शाळा नाकारू शकत नाही. म्हणजे तेरा वर्षांच्या मुलाला आठवीत बसवता येतं. ज्या सरकारी किंवा अनुदानित शाळेत नववीपासून व्यवसाय विषय आहे, तिथं आठवीतच नाव घातलं तर पुढे त्या विषयाची वाट सोपी होते. चौदा उलटले की हे कलम हाताशी राहत नाही आणि आधीच्या इयत्तेचा पुरावा मागितला जातो. तेव्हा 'नववीत बघू' म्हणणाऱ्यांनी आठवीतच बघावं.

तिसरी पायरी: दहावी कोणत्या दाराने

पुढची जवळपास प्रत्येक सरकारी जागा दहावीच्या कागदावर मिळते. घरी शिकणाऱ्यासाठी तीन दारं आहेत.

पहिलं राज्य मंडळाचं, ज्याला सगळे सतरा नंबरचा फॉर्म म्हणतात. खाजगी विद्यार्थी म्हणून नाव नोंदवायचं, अर्ज ऑनलाइन भरायचा, कागद नेमून दिलेल्या शाळेत द्यायचे आणि परीक्षा इतर मुलांबरोबरच. शाळा सोडल्याचा दाखला, तो नसेल तर द्वितीय प्रत व प्रतिज्ञापत्र, आधार आणि फोटो लागतात. ही नोंदणी परीक्षेच्या आधीच्या पावसाळ्यात सुरू होते. जानेवारीत जागे झालात तर त्या मार्चची परीक्षा गेलीच समजा. नागपूर विभागीय मंडळाचं कार्यालय सिव्हिल लाइन्समध्ये आहे.

दुसरं दार एनआयओएस, म्हणजे राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्था. दहावीसाठी वय १४ पूर्ण लागतं. पाच वर्षांत नऊ वेळा परीक्षेला बसता येतं, विषय एकेक करून सोडवता येतात. ज्यांना आठवीचा कागद हवा त्यांच्यासाठी मुक्त बेसिक शिक्षणाचा सी स्तर आहे. घरी शिकणाऱ्यांत हेच सगळ्यात लोकप्रिय आहे.

तिसरं राज्याचं मुक्त विद्यालय मंडळ, जिथे पाचवी, आठवी, दहावी आणि बारावी असे टप्पे आहेत. मराठी माध्यमात शिकलेल्या मुलाला हे सोयीचं पडतं.

आता या सगळ्या लेखातली सर्वांत महाग चूक कुठे होते ते ऐका. एनआयओएसमध्ये विषय निवडायला मोकळीक असते. गणित अवघड जातं म्हणून पालक चित्रकला, गृहविज्ञान, डेटा एन्ट्री असे विषय घेऊन दहावी सोपी करतात. मूल पास होतं, पेढे वाटले जातात. दोन महिन्यांनी इलेक्ट्रिशियनचा फॉर्म भरताना कळतं की या ट्रेडला, म्हणजे आयटीआयच्या अभ्यासक्रमाला, दहावीत विज्ञान आणि गणित असणं आवश्यक आहे. फिटरचंही तेच. पॉलिटेक्निकच्या पदविकेसाठीही हे दोन विषय उपयोगी पडतात. म्हणून मूल 'मला हाताने काम करायचंय' म्हणत असेल तर गणित आणि विज्ञान-तंत्रज्ञान सोडू नका. काठावर पास झालं तरी चालेल. डेटा एन्ट्री हवीच असेल तर ती जादा विषय म्हणून घ्या, पाचाच्या वर दोन विषय घेता येतात.

'घरबसल्या दहावी, शंभर टक्के पासची हमी' अशा पाट्या सीताबर्डीपासून खाप्यापर्यंत दिसतात. तीनही दारांचे अर्ज तुम्ही स्वतः भरू शकता. हमी देणाऱ्याला एकच विचारा, गुणपत्रिका कोणत्या मंडळाची? त्याने मंडळाचं नाव सांगायला आढेवेढे घेतले की उठा.

खाजगी शाळेतल्या मुलांसाठी, आठवी ते दहावी

तुमच्याकडे पट आहे, दाखला आहे. अडचण वेगळी आहे. तुमच्या शाळेत वर्कशॉप नाही.

सीबीएसईच्या शाळेत नववी-दहावीला कौशल्य विषय सहावा विषय म्हणून घेता येतो. बहुतेक शाळा माहिती तंत्रज्ञान किंवा कृत्रिम बुद्धिमत्ता देतात, कारण त्याला संगणक कक्ष पुरतो, भट्टी आणि लेथ लागत नाही. पालकसभेत यादी मागा. मंडळाची यादी लांबलचक असते, शाळेची दोन ओळींची. विज्ञान, गणित किंवा सामाजिक शास्त्रात मूल नापास झालं तर पास झालेला कौशल्य विषय त्या जागी धरला जातो, हाही फायदा आहे.

राज्य मंडळाच्या खाजगी शाळांसाठी शासकीय तांत्रिक विद्यालय व केंद्र ही जुनी आणि चांगली सोय आहे. आसपासच्या शाळांतली आठवी ते दहावीची मुलं ठरलेल्या दिवशी केंद्रात येऊन तांत्रिक विषय शिकतात, हल्ली मल्टी स्किल नावाने. शाळा त्यांची स्वतःचीच राहते. घरी शिकणाऱ्या पालकांना जे हवं असतं, त्याच्या सगळ्यात जवळ जाणारी ही व्यवस्था आहे, फक्त ती शाळेमार्फत चालते. एकट्या पालकाने केंद्रात जाऊन भागत नाही, मुख्याध्यापकांचं पत्र हवं. तेव्हा आधी सिव्हिल लाइन्समधल्या व्यवसाय शिक्षण व प्रशिक्षण सहसंचालकांच्या प्रादेशिक कार्यालयात विचारा की तुमच्या घराजवळचं केंद्र कोणतं आणि कोणत्या शाळा त्याला जोडलेल्या आहेत. मग पाच-सात पालक मिळून शाळेकडे जा. एकट्या पालकाला 'बघू' म्हणतात, सात जणांना बसायला खुर्च्या देतात.

चौथी पायरी: आयटीआय

इथे शाळेचा भेद संपतो. किमान वय १४ पूर्ण, वरची मर्यादा नाही. सीबीएसई, एनआयओएस, राज्य मंडळ, सगळे एकाच गुणवत्ता यादीत. वेल्डर, वायरमनसारख्या काही ट्रेडना दहावी अनुत्तीर्ण मुलंही चालतात. पण दहावीच्या परीक्षेलाच न बसलेला घरशिक्षित मुलगा त्यात आपोआप बसतो असं समजू नका. परीक्षेला बसल्याचा मंडळाचा कागद हवाच.

नागपूरची मोठी शासकीय आयटीआय श्रद्धानंदपेठेत आहे. मुलींसाठी वेगळी शासकीय आयटीआय आहे. शिवाय तालुक्यांच्या आहेत, आणि त्यांच्याकडे दुर्लक्ष करू नका. शहरात ज्या ट्रेडसाठी नव्वदच्या आसपास टक्के असलेली मुलं रांगेत असतात, तोच ट्रेड तालुक्याच्या ठिकाणी कमी गुणांवर मिळतो. फिटर आणि इलेक्ट्रिशियन दोन वर्षांचे. वेल्डर आणि कोपा, म्हणजे संगणक चालक, एक वर्षाचे.

प्रवेश व्यवसाय शिक्षण व प्रशिक्षण संचालनालयाच्या पोर्टलवर ऑनलाइन होतो. क्रम असा:

१. दहावीच्या निकालाच्या आसपास नोंदणी सुरू होते. नाव दहावीच्या गुणपत्रिकेवर आहे तसंच लिहा.

२. अर्ज भरून झाला की कुठल्याही शासकीय आयटीआयत मूळ कागद दाखवून तो निश्चित करून घ्या. निश्चित न केलेला अर्ज यादीत येत नाही. घरी बसून 'सबमिट' दाबून निवांत झालेले पालक दर वर्षी इथे अडकतात.

३. मग विकल्प भरा, म्हणजे कोणती आयटीआय आणि कोणता ट्रेड, पसंतीच्या क्रमाने. पहिल्या पसंतीची जागा मिळाली तर प्रवेश घ्यावाच लागतो, नाकारला तर पुढच्या फेऱ्यांतून बाहेर. त्यामुळे खरोखर हवं तेच पहिल्या क्रमांकावर लिहा. 'बघू मिळतं का' म्हणून काही टाकू नका.

४. केंद्रीय फेऱ्या संपल्यावर उरलेल्या जागांसाठी समुपदेशन फेरी असते. अर्ज चुकलेल्यांनी आणि बाहेर पडलेल्यांनी तिच्यावर डोळा ठेवावा.

दहावी महाराष्ट्राबाहेरच्या मंडळाची किंवा मुक्त शाळेची असेल तर अधिवास प्रमाणपत्र पिशवीत असू द्या.

प्रवेश मिळाल्यावरची गोष्ट घरी शिकलेल्या मुलांच्या पालकांनी नीट ऐकावी. आयटीआय हा छंदवर्ग नाही. पूर्ण वेळ, रोज, गणवेशात. ८० टक्के हजेरी नसेल तर परीक्षेला बसता येत नाही. घरी स्वतःच्या वेळेने शिकलेल्या मुलाला पहिला महिना जड जातो. एकच सांधा कानशीने घासत तासन्‌तास उभं राहायचं, निदेशक, म्हणजे शिकवणारे, म्हणतील 'अजून काटकोन आला नाही', की पुन्हा घासायचं. इंग्रजी शाळेतल्या मुलाची गोची आणखी वेगळी असते. वर्कशॉपमध्ये बोलणं मराठी-हिंदीत चालतं आणि त्याला पकड, पाना, छन्नी, कानस हे शब्दच माहीत नसतात. आदल्या उन्हाळ्यात घरातला पंखा, मिक्सर खोलून जोडायला लावलं तर बराच फरक पडतो. आणि हो, प्रवेशाआधी एकदा मुलाला घेऊन वर्कशॉप बघून या. प्राचार्यांना विनंती केली तर बहुतेक ठिकाणी दाखवतात. विचारायचे प्रश्न: यंत्रं चालू आहेत का, या ट्रेडचा निदेशक नेमलेला आहे का, मागच्या तुकडीतली मुलं कुठे लागली. मधला प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा.

आयटीआय करता करता मुक्त शाळेतून बारावी करता येते. संध्याकाळ आणि रविवार जातात, पण घरी शिकलेली मुलं स्वतः अभ्यास करायला सरावलेली असल्याने हे त्यांना बरं जमतं. दोन वर्षांचा ट्रेड पूर्ण झाल्यावर पदविकेच्या थेट दुसऱ्या वर्षाला अर्ज करता येतो. सदर भागातलं शासकीय तंत्रनिकेतन, म्हणजे पॉलिटेक्निक, १९१४पासूनचं आहे आणि तिथल्या जागांना मागणी फार असते.

आयटीआय नको असेल तर

अकरावी-बारावीला एचएससी व्होकेशनल आहे, ज्याला जुने लोक अजून एमसीव्हीसी म्हणतात. विज्ञान शाखेत द्विलक्षी म्हणजे बायफोकल विषय २०० गुणांचे असतात. दोन्हींचा प्रवेश अकरावीच्या प्रक्रियेतून. मुक्त शाळेतून दहावी केलेल्या मुलालाही ते खुले आहेत.

अल्पमुदतीचे वर्ग हवे असतील तर प्रधानमंत्री कौशल्य विकास योजनेला १५ वर्षं पूर्ण लागतात. स्किल इंडिया डिजिटल हबवर आधारने नोंदणी होते आणि शाळेचा प्रश्न येत नाही. गावाकडे राहणाऱ्यांसाठी प्रमोद महाजन ग्रामीण कौशल्य विकास केंद्रं आहेत. १९ ऑक्टोबर २०२३ रोजी राज्यात अशी ५११ एकदम सुरू झाली. हे वर्ग फुकट आहेत, पण काही महिन्यांचं प्रमाणपत्र म्हणजे आयटीआय नव्हे. रेल्वे किंवा वेकोलिच्या (वेस्टर्न कोलफील्ड्स या सरकारी कोळसा कंपनीच्या) शिकाऊ भरतीत आयटीआयचा ट्रेडच विचारतात.

कुठे जायचं, कसं जायचं

सुदैवाने नागपुरात निम्मी कामं सिव्हिल लाइन्समध्ये होतात. जिल्हा परिषदेचा माध्यमिक शिक्षण विभाग, विभागीय मंडळ, सहसंचालकांचं कार्यालय आणि जिल्हा कौशल्य विकास, रोजगार व उद्योजकता मार्गदर्शन केंद्र एकाच फेरीत होऊ शकतं. कार्यालय उघडल्या उघडल्या जा. जेवणाच्या सुट्टीनंतर नागपूरच्या मे महिन्यात कोणाचंच डोकं ठिकाणावर नसतं.

'होमस्कूल' हा शब्द टेबलावर उच्चारू नका, त्यावरून उगाच अर्धा तास चर्चा रंगते. 'खाजगीरीत्या दहावी देणार आहे' किंवा 'मुक्त विद्यालयाचा विद्यार्थी' म्हणा. हे प्रकार त्यांना माहीत आहेत, त्यांचे अर्ज त्यांच्याकडे रोज येतात.

कोणी तोंडी 'होत नाही' म्हटलं तर भांडू नका. तोच प्रश्न कागदावर मराठीत लिहा, दोन प्रती काढा, आवक विभागात द्या आणि आपल्या प्रतीवर तारखेसह शिक्का घ्या. उत्तर आलं नाही तर माहिती अधिकारात, दहा रुपये शुल्क भरून, त्या अर्जावर काय कार्यवाही झाली ते विचारता येतं. त्याला तीस दिवसांची मुदत असते, म्हणून हे काम प्रवेशाच्या हंगामात नाही, हिवाळ्यात सुरू करा.